एकतीस वर्षे खोळीत राहिलेला सोफा

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खोळी शिवणे, बुद्धी जागेवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी जागेवर नाही असे फक्त माझी पत्नी म्हणते. ती सहा वर्षांपासून वरच्या मजल्यावर मुलीकडे राहते, तेव्हा तिचे मत या कामी धरू नये.

१. शिवणयंत्र, कात्र्या आणि मापाची फीत मुलीस. यंत्रावर दोन खोळी आहेत, एक धुळीसाठी आणि एक पहिल्या खोळीसाठी. तिने यंत्र उघडे ठेवले तरी माझी हरकत नाही, असे लिहिताना हात जड झाला आहे.

२. थोरल्या भावास मोठ्या पातेल्याचे झाकण. पातेले तो एकोणीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून घेऊन गेला. झाकण मी मुद्दाम दिले नव्हते. आता सुखाने झाकून ठेव म्हणावे.

३. मेहुण्यांस आरामखुर्चीची पट्ट्यापट्ट्यांची खोळ. एका दुपारी ते खुर्चीत झोपले होते आणि माझा चष्मा सापडत नव्हता. मी खोळ चढवली, खाली नाड्याही बांधल्या. आतून "अहो, मी आहे!" असे ऐकू आल्यावर लगेच सोडवले, तरी त्यांनी चार वर्षे अबोला धरला. खोळ त्यांच्याच मापाची आहे, दुसऱ्या कोणाला व्हायची नाही.

४. मुलास काही नाही, कारण त्याला आधीच पुष्कळ दिले आहे. तो दहावीत गणितात गचकला तेव्हा निकाल अजून लागलाच नाही असे मी त्याच्या आईला सांगितले. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून वाट पाहत आहे. ते पांघरूण मी आज काढून घेतो. आईला त्याने स्वतः सांगावे.

५. हे घर आणि बँकेतील ठेव पत्नीस.

६. सोफाही पत्नीस, खोळींसकट. तो तिनेच पसंत केला होता. दुकानातून आला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "एकदा बसून तर बघू द्या." मी म्हणालो, "मळेल," आणि खोळ चढवली. लहानपणी आमच्या घरात नवी वस्तू थोरल्याच्या हाती दोन दिवस टिकत नसे, तेव्हापासून मला ही खोड आहे. पुढे खोळीवर खोळ चढत गेली, बसायची मनाई मात्र कायम राहिली. सातवी चढवली त्या दिवशी ती म्हणाली, "सोफ्याला सात कपडे आणि मला बसायला स्टूल. मी चालले वर." ती परत यावी असे मला रोज वाटते. तोंडाने कधी म्हटले नाही. निदान सोफा न्यायला तरी ती खाली येईल, म्हणून हे कलम.

येथवर लिहून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. तळमजल्यावरचे निवृत्त टंकलेखक म्हणाले, "पण त्या येतील तेव्हा तुम्ही नसाल की हो."

हे माझ्या लक्षात आले नव्हते.

"आणि वस्तूचं वर्णन लागतं. रंग कोणता?"

मी करडा म्हणालो. दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, सरळ जिन्यात गेले आणि ओरडले, "वहिनी, सोफ्याचा रंग कोणता हो?"

वरून उत्तर आले, "मोरपंखी! त्यांना काय विचारता?"

मग उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी स्वतः उसवायला बसलो. चौथ्या खोळीपाशी ती दारात येऊन उभी राहिली. सगळ्यात आतली खोळ निघाली, तिच्याखालचे दुकानाचे प्लॅस्टिक निघाले. मोरपंखीच होता, काल आणल्यासारखा. ती पुढे आली आणि बसली. "मळेल" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. सर्वांनी पाहिले आहे.

टंकलेखकांनी विचारले, "मग लिहायचं ना, सोफा नवा म्हणून?"

ती म्हणाली, "वापरलेला लिहा."

७. कलम सहा रद्द. सोफा कोणासही देता येत नाही, तो वापरात आहे. मजकूर येथेच थांबवतो, कारण तिने सरकून जागा केली आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेअकरा.

सही: खोळी शिवणारा (बसून केल्यामुळे अक्षर वाकडे आले आहे. गादी फार मऊ निघाली.)

साक्षीदार:
१. निवृत्त टंकलेखक, तळमजला (सही उभ्याने)
२. इस्त्रीवाले, कोपऱ्यावरचे दुकान (सही उभ्याने. यांना बसू दिलेले नाही, हात कोळशाचे आहेत.)