धुऱ्यावरचं पाणी

नांदगाव खंडेश्वर
२७ एप्रिल

शेखर,

वरती काय लिहावं याच्यात दोन कागद फाडले. 'चिरंजीव' लिहिलं त तू म्हणशीन, कोर्टात प्रतिवादी अन् पत्रात मोठा भाऊ, हे कायचं सोंग. म्हणून नुसतं शेखर. इकडं आम्ही ठीक. तुया वहिनीचा गुडघा दुखते, पण जीभ ठणठणीत आहे. ऊन असं तापून राहिलं की दहा वाजता माणूस वावरातून पळून घरी येते. तिकडं अकोल्याचं त विचारायलेच नको. तुयं दुकान कसं काय? बियाण्याचा सीझन आला आता.

फोन काहून नाही केला, असं वाटंन तुले. माया वकिलानं सांगून ठेवलं आहे की भावाशी फोनवर बोलायचं नाही, रेकॉर्ड होते अन् मंग कोर्टात वाजते. पत्राबद्दल तो काही बोलला नाही.

आता कामाचं. तुया पोराले, अनुपले, सांगजो की मोठ्या बापाचा फोन उचलत जाय. पंधरा दिवस झाले, घंटी वाजते, वाजते अन् बंद होते. एरवी मोठेबाबा मोठेबाबा करत जीव टाकते. हाव, आमचं बोलणं आहे. विहिरीची केस तुयी-मायी आहे, पोराची नाही. बाजाराच्या कामानं अकोल्याले आलो की तो ज्या शेअरवाल्याच्या ऑफिसात कामाले आहे तिथं मी जातो, तो मले चहा पाजते. तुले सांगितलं नसन त्यानं, तुया भेवानं.

त गेल्या वर्षी त्याच्याच हातून मी परदेशातल्या एका कंपनीचे शेअर घेतले. समुद्रात तेल शोधणारी कंपनी. हसू नको. हे काही गल्लीतल्या स्कीमचं काम नाही, सगळं कायदेशीर, मोबाइलवर दिसते. पूर्वेकडं कुठं तरी एक समुद्र आहे. त्याच्या दोन्ही बाजूनं दोन देश आहेत. नावं लिहीत नाही, गेल्या वर्षीपर्यंत मलेही माहीत नव्हती अन् आता ऐकली की डोकं खराब होते. त्यातल्या एका देशानं कंपनीले ठेका देला की या या तुकड्यात खोदा. कंपनीनं पाहणी केली, खाली तेल असल्याची खूण भेटली, खोदाचा भला मोठा रिग नेऊन समुद्रात उभा केला. तेलवालेही त्याले विहीरच म्हणतात बरं, शोधाची विहीर. आता एवढं सगळं झाल्यावर मधात तो दुसरा देश उठला. म्हणे हे पाणी आमचं आहे. अबे, आतापर्यंत काय झोपला होता का?

काम बंद पडलं. शेअर असा खाली आला की आता विकाले गेलो त भजे-चहाचे पैसे येतीन. दोन सालच्या संत्र्याची कमाई आहे शेखर, बागेत राबलेली. ज्या पोरानं हे घेऊन देले त्यानं निदान फोन त उचलावा. तू बाप आहेस, तू त्याचे कान उपट.

बाकी क्षेम.

भगवंत नत्थुजी


नांदगाव खंडेश्वर
९ मे

शेखर,

तुयं कार्ड भेटलं. तीन ओळीचं. 'अनुपनं तुले हे शेअर घेऊ नको म्हणून बजावलं होतं. त्यानं मले सगळं सांगितलं. पोराच्या नावानं बोंबलू नको.' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. बरं. अक्षर तेवढं सुधारलं तुयं.

हाव, म्हटलं होतं त्यानं. एकदा नाही, जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा म्हटलं. 'मोठेबाबा, वादातल्या पाण्यात पैसा टाकू नका. तेल असनही खाली, पण काढू कोण देईन?' एक वेळ त त्यानं मोबाइल माया हातातून काढूनच घेतला होता. मागच्या पत्रात हे लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे लिहिलं नाही. झालं समाधान?

पण मी त्याले काय सांगितलं तेही ऐक. मी म्हटलं, पोरा, वाद कुठं नसते? आपली धुऱ्यावरची, दोन वावराच्या मधातल्या बांधावरची, विहीर घे. दोन वेळा मोजणी झाली. एका मोजणीत विहीर माया वावरात आली, दुसऱ्या मोजणीत तुया बापाच्या. केस कोर्टात पडून आहे, तारखेवर तारीख. पण मीटर कोणाच्या नावानं? मोटर कोणाची? बाग कोणाची भिजते? ज्याची मोटर सुरू त्याचं पाणी. तिथंही कंपनीचा रिग एकदा उभा राहिला की झालं, मंग ते दोन देश भांडत बसोत नातवंडाईपर्यंत. मले सांगतं काय वादाचं? अख्ख्या नांदगाव तालुक्यात वादाचं पाणी मायाएवढं कोणी वापरलं नसन.

अनुप गप झाला. मले वाटलं, पटलं त्याले. घेऊन देले त्यानं शेअर. आता बसल्या बसल्या वाटते की तो पोरगा वेगळ्याच कारणानं गप झाला असन.

अन् त्या दुसऱ्या देशानं केलं काय, माहीत आहे? ना बंदूक चालवली, ना काही. आपल्या बोटी आणल्या अन् रिगच्या भोवताल उभ्या करून देल्या. रिगवरच्या लोकाईले सामान घेऊन येणारी बोट आली की आडवे होतात. दिवसभर नुसते उभे. यांचा रिग हालत नाही अन् त्यांच्या बोटी हालत नाहीत. कंपनीनं कागद काढला, त्याच्यात लिहिलं 'फोर्स मॅज्योर'. अनुपनं, हाव, उचलला त्यानं शेवटी फोन, अर्थ सांगितला की आमच्या हातात काही राहिलं नाही. एवढं सांगाले इतका जड शब्द!

मंग मधात एक बातमी आली अन् मी खुश झालो. कोणी शहाण्यानं दोन्ही देशाईले सुचवलं की बाप्पा हो, हद्द कुठून जाते ते राहू द्या बाजूले. तो वाद कोर्टात चालू द्या पाहिजे तितकी वर्ष. तवर तेल दोघं मिळून काढा अन् अर्धं अर्धं घ्या. अशा रीतीनं काही ठिकाणी करतात म्हणे, अनुप सांगत होता. मी म्हटलं, वा! याच्यात नाही म्हणण्यासारखं आहेच काय? पण नाही! एक म्हणते आधी हद्द आमची माना, मंग बोलू. दुसरा म्हणते आमच्याच घरात आम्ही अर्धं काहून घ्यावं? लेकाचे! तेलाले काय माहीत का कोणाच्या बाजूनं वाहून राहिलो? एवढा समुद्र भरून पडला अन् हे धुरा धरून बसले!

हे मी ओसरीत उभं राहून मोठ्यानं बोललो. टीव्ही सुरू होता. सुभद्रा खाली बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणे, "हे भाषन त्या देशाईले काहून आयकवता? शेखरभाऊजीले लिवून धाडा."

मी म्हटलं, तेलाची गोष्ट वेगळी अन् विहिरीची वेगळी.

"हाव," म्हणे, "तेल पेता येत नाही."

त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनंही दोनदा विचारलं नाही. बायको असावी त अशी!

तुया बागेत टँकर येते ते दिसते मले. रविवारी तू अकोल्याहून येतं, टँकरवाल्याच्या पाइपाजवळ दुपट्टा बांधून उभा राहतं अन् माया मोटरकडं चुकूनही पाहत नाही. तुया बोअरले पाणी राहिलं नाही हे गावात सगळ्याईले माहीत आहे. एका टँकरमधे चार ओळीही भिजत नाहीत, पाहतो न मी. संत्र्याचा आंबिया बहार चांगला धरला होता तू. माया बागेपेक्षा चांगला.

असो. शेअरचं काही कळलं त अनुपले कळवाले सांगजो.

भगवंत


नांदगाव खंडेश्वर
२२ मे

शेखर,

बोलणी फिसकटली. दोन्ही देशाचे लोक कोणत्या तरी तिसऱ्या गावी बसले, जेवले, फोटो काढले अन् उठून आले. कंपनी रिग ओढून नेऊन राहिली. आता ते तेल खाली तसंच पडून राहीन. अनुपचा फोन आला होता, 'मोठेबाबा, जे उरलं ते काढून घेऊ का?' बिचाऱ्याचा आवाज असा, जसा काही त्यानंच समुद्र बंद केला. मी म्हटलं राहू दे, मी मेल्यावर तुया पोराईच्या कामी पडन.

मले राग कायचा आला सांगू? पैसे गेले त्याचा आलाच, खोटं काहून बोलू. पण त्या लोकाईले घाई नाही, याचा जास्त आला. अन् काहून राहीन घाई? ते तेल लाखो वर्षापासून तिथं आहे, आणखी लाख वर्ष पडलं त नासत नाही. त्याईले भांडाले सवड आहे.

तुया संत्र्याले सवड नाही.

परवा सकाळी मी धुरा ओलांडून तुया वावरात गेलो. वकिलाले सांगू नको, तो म्हणन अतिक्रमण. किती वर्षानं गेलो, ध्यानात नाही. झाडाच्या खाली सुपारीएवढाली फळं पडलेली, हिरवी, पायाखाली कचकच वाजत होती. पानं अशी वळून आखडलेली की सावली पडत नाही. पहिल्या ओळीतली ती जुनी झाडं आपण दोघाईनं लावलेली आहेत, वाटणीच्या आधीची. तू खड्डे खोदत होता अन् मी कलमं धरत होतो, अन् तू म्हणत होता की दादा, सोपं काम नेहमी तुलेच कसं भेटते.

मले इतका संताप आला शेखर! तुयाच आला. काहून नाही मांगितलं पाणी? टँकरवाल्याच्या दारात जातं, अकोल्याहून बसनं येतं, पण धुऱ्याच्या या बाजूनं तोंड उघडत नाही! एकदा तोंडानं म्हटलं असतं, दादा, बाग चालली. मंग मी पाणी देलं असतं. देलं असतं का, ते मले नक्की माहीत नाही. पण तू म्हणाले पाहिजे होतं.

मी त्या देशाईले लेकाचे म्हणलो, अन् त्या दुसऱ्याच्या बोटीच्या नावानं रोज ओरडलो. तुया बोटी कुठं होत्या? तुयापाशी बोटी नाहीत, एवढंच. नाहीतर मायी मोटर कधीच बंद पडली असती अन् कोणाचीच बाग उरली नसती.

तर ऐक. नांदगावातून फिटिंगवाला आणला अन् माया पाइपाले तुया बाजूनं फाटा काढला. वर पाणी सोडा-बंद कराची चावी बसवली. या आठवड्यात वावरात विजेची लाईन दिवसाची आहे, म्हणून काल पहिलं पाणी सोडलं. मी मोटरपाशी होतो, चावी सुभद्रेनं खोलली. पाणी तुया पहिल्या ओळीत गेलं, दुसऱ्या ओळीत गेलं, अन् ही बाई दुखता गुडघा घेऊन पाण्याच्या मागं मागं चालत गेली पार शेवटच्या झाडापर्यंत. आवाज देला त ऐके ना. संध्याकाळी घरी आली त चिखलानं भरलेली, अन् म्हणे, आज भाकर दोन जास्तीच्या टाकते, खासान का? खाल्ल्या.

माफी मांगून राहिलो असं समजू नको. दुसरी मोजणी खोटी आहे हे मी मरेपर्यंत म्हणीन. केसही मागं घेऊ नको. अकरा जूनची तारीख आहे, मी येणार, तूही ये, तिथं तुया वकिलानं मायावर काय बोलायचं ते बोलावं. धुरा कुठून जाते ते कोर्ट सांगन तेव्हा सांगन. तवर एक दिवस पाणी तुया बागेले, एक दिवस माया. मोटर मायी राहीन, बिल अर्धं तू देजो, नाहीतर मंग तू म्हणशीन दादानं उपकार केले. चावीवर कुलूप नाही.

जी फळं गळली ती गेली. वरच्या फांद्यावर अजून आहेत.

रविवारी येजो. टँकर सांगू नको.

दादा