खुर्च्यांचा कायदा

३ जून
समोरच्या तमांडाकडे आज काय तमाशा! तिच्या मास्तर नवऱ्याची परवा सरोवराकाठी बदली झाली. रोज ताजा मासा, वारा, विश्रांती — आणि लोक तोंडं पाडून बसतात. तिथून परत कोणी येत नाही म्हणे. एवढं सुख सोडून कोण येईल?

बदलीवर रडायला बंदी आहे, ती योग्यच आहे. मेलंय का कोणी? मग या बाया काय करतात — आल्या, एक शब्द नाही, सरळ जमिनीवर बसल्या. मयताच्या घरी बसतात तशा! चांगल्या खुर्च्या रिकाम्या. मी खिडकीतून सगळं पाहिलं.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे हसले. "तुझ्यासारखी नजर माझ्या अख्ख्या पोलीस खात्यात नाही!"

१० जून
कायदा झाला! कोणाच्या घरी बाया जमल्या तर खुर्चीवरच बसायचं. जमिनीवर दिसली की तिचीही बदली. नाव ह्यांचं झालं, पण डोकं माझं!

शेंगा सोलायला आमची कामवाली नागामा नेहमीसारखी खाली बसली. तिला स्टूल दिलं. "पाय लोंबकळतात हो, बाई." लोंबकळू देत!

११ जून
बाजारात तमांडा भेटली. पूर्वी गुडघे टेकून नमस्कार करायची. आज ताठ उभी. "गुडघे जमिनीला लागले तर, बाई?" टोमणा! आगाऊ मेली.

१८ जून
राष्ट्राध्यक्ष थोरल्या बाबांनी ह्यांना सरोवराकाठी पाहणीला पाठवलंय. आता मंत्रिपद नक्की! जूनची थंडी, म्हणून लोकरीचा कोट मीच बॅगेत घातला. हे दारातून वळून म्हणाले, "खिडकीत उभी राहत जाऊ नकोस."
माझ्या थंडीची काळजी! लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी.

२१ जून
ड्रायव्हर गाडी घेऊन एकटाच परतला. "साहेबांचा मुक्काम वाढलाय, बाई." नजर वर करेना. पेट्रोल विकलं असणार मेल्यानं. हे आले की बघून घेतील.
फोन लागत नाही.

२२ जून
सकाळी तमांडा आली, मागोमाग गल्लीतल्या चौघी. मंत्रिपदाची बातमी फुटली वाटतं! नागामाला चहा टाकायला सांगितलं, चांगल्या खुर्च्या पुढे केल्या.
तमांडानं खुर्ची बाजूला सारली आणि खाली बसली. एक शब्द नाही. मग बाकीच्या बसल्या.
"अगं उठा! खुर्च्या आहेत ना! कोणी पाहिलं तर?" मी ओरडलेच. कोणी हललं नाही. नागामा आतून आली. चहा नव्हता हातात. तीही त्यांच्यात बसली.
खूप भीती वाटली. कायद्याची नाही.

२२ जून, दुपार
पडदे ओढून घेतले. तमांडानं सरकून मला जागा दिली.