बर्फावरून आईकडे

ओरुवेस्की, ५ डिसेंबर

ती. लीलोताईस,
सा. न. वि. वि.

तुझा स्वेटर पोचला. बाबा म्हणाले, यात मी आणि बैल दोघं मावू. म्हणजे आवडला.

बाकी बरं नाही. गिरणीचं धरण पाडल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. मागे पाणी तळ्यासारखं थांबायचं, एव्हाना घोडा जाईल इतकं गोठायचं. आता नदी धावते. काठाला नुसता पापुद्रा, मधून बर्फाचा लगदा वाहतो. मासे वर यावेत म्हणून धरण पाडा म्हणणाऱ्यांत मीच पुढे होतो ना! डोळे गेल्यापासून बाबा रोज मलाच विचारतात, बर्फ धरला का. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना पलीकडे आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आहे, आणि तिची शवपेटी नेली त्याच नदीच्या बर्फावरून जायचं आहे. पुलावरून गाडीने नेतो म्हटलं, तर म्हणाले, पुलावरून पोस्टमन जातो. डॉक्टर म्हणतात, बाबा वसंत ऋतूपर्यंत काही टिकायचे नाहीत. मी काय सांगू गं त्यांना?

माया असू दे, यंदा जरा जास्तच.
तुझा तार्मो

तार्तू, ११ डिसेंबर

चि. तार्मो यास,
अनेक आशीर्वाद.

वेड्या, स्वतःला खात बसू नकोस. पायाचं प्लास्टर निघालं असतं तर मीच आले असते. बर्फ धरला म्हणून सांगून टाक. त्यांना घसरगाडीवर बसव, हिमाने भरलेल्या आपल्या शेतातून फिरव आणि टोकाला मेणबत्ती लावू दे. खोट्याचं पाप माझ्या माथी.

वेळेवर जेव, आणि मला विसरू नकोस.
तुझी ताई

ओरुवेस्की, २७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

काल सकाळी बाबा गेले. झोपेतच.

तू सांगितलंस तसं केलं होतं. त्यांना घोंगडीत गुंडाळून बटाट्याच्या शेतातून ढकलत निघालो. मधोमध आलो, बर्फ पक्का आहे, असं मोठ्याने म्हणालो. शेजारी पाणी खळखळत होतं, ताई, ते कसं लपवणार? बाबा मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, बरा ढकलतोस, चल. शेताच्या टोकाला त्यांनी टोपी काढली, मेणबत्ती लावली, आईशी बोलले, नेहमीसारखे भांडलेसुद्धा. मला वाटलं, फसले. फार रडू आलं.

परतताना म्हणाले, मी गेलो की मला पुलावरूनच न्या, दुसरा रस्ता राहिला नाही. पण लीलोला लिही, मला बर्फावरून नेलं म्हणून. पाय मोडून एकटी बसलीय पोर, तिला बरं वाटेल.

मला ते लिहिता आलं नाही. आता आपण दोघंच, धरून राहा.
तार्मो