आत्याच्या तोंडून

३ मे

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. आत्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं! एक नर्सबाई आहेत, कायम रात्रपाळीच्या, एकट्याच राहतात. इसार झाला, महिनाअखेरीस खरेदीखत. तेव्हा तू आत्यासाठी रंगवून ठेवलेली खोली आता ओस पडायची नाही. आत्या हवेत आहे. कुठलं पातेलं न्यायचं आणि कुठलं कोणाला द्यायचं, यावरून रोज माझं डोकं खाते.

कायद्याने म्हणशील तर मी आत्याचा एजंट, तिचं भलं बघणं माझं काम. नर्सबाईंनी स्वतःचा एजंट आणला नाही, त्याला मी काय करणार? कायद्याने मी एक शब्दही खोटा बोललेलो नाही. सगळं कायद्याने नीट झालंय, तू काळजी करू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, पत्रही येऊ दे.

तुझा,
टिल्लू

९ मे

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी घरभर नाचले. ह्यांना वाटलं लॉटरीच लागली. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली बसले. अरे, चार ओळींत तीनदा ‘कायद्याने’? मी काळजी करते असं तुला कोणी सांगितलं? लहानपणी बरणी फुटली की कोणी विचारायच्या आधीच तू मी हात लावला नाही म्हणत यायचास, अगदी तस्सं वाटलं. आत्याला फोनवर ऐकू येईनासं झालं म्हणून आपण सगळे पत्रं लिहायला लागलो. त्याचा हा फायदा बघ, पत्रात माणूस बरोब्बर सापडतो.

काय करून बसलायस ते सांग. खरं सांगू का, विचारायचीही भीती वाटतेय. खोलीला पडदे लावून झालेत आणि हा सौदा फिसकटू नये असं मलाही फार वाटतंय. म्हणूनच विचारते.

तुझी,
ताई

१३ मे

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

सापडलो.

आत्याच्या झोपायच्या खोलीखाली फर्निचरचा कारखाना आहे, हे तुला माहीत आहे. दोन वर्षांमागे त्यांनी फळ्या कापायचं मोठं मशीन आणलं, ते तुला माहीत नाही. सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत नुसतं किंचाळत असतं. आत्याला मात्र त्याचा पत्ताच नाही. नाश्ता झाला की ती कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते, एकटीच असते, कोणाशी बोलायचंय? ती ते पुन्हा घालते तोवर कारखाना बंद झालेला असतो.

माझी एक पद्धत आहे. घर अंधारं असेल तर भर दुपारी दाखवायचं, गोंगाटाचं असेल तर सुट्टीच्या दिवशी. सगळेच करतात. नर्सबाईंनाही मी कारखान्याच्या सुट्टीला आणलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, दिवसा शांत असतं ना, कारण त्यांना दिवसाच झोपायचं असतं. मी नुसतं हसलो. म्हटलं, राहणारं माणूस समोर आहे, त्यांनाच विचारा. आत्याच्या कानात यंत्र होतं, पण डोक्यावरून रुमाल होता, म्हणून बाईंना ते दिसलं नाही. तिने छातीठोकपणे सांगितलं, की दुपारी मी इतकी गाढ झोपते, कसला म्हणून त्रास नाही. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तिथल्या तिथे होकार दिला.

ताई, एजंट विकणाऱ्याचा असला तरी घराचा ठाऊक असलेला दोष घेणाऱ्यापासून लपवता येत नाही. आत्याला निघायची घाई आहे, हे मी पोटात ठेवायचं. मशीन नाही ठेवायचं. आमच्या ऑफिसात नव्यांना हे मीच घसा फोडून शिकवतो! आणि जन्मात कधी खोटं न बोललेल्या बाईच्या तोंडून मी ते बोलून घेतलं. तिला कळूही दिलं नाही. लाज वाटते गं. आता आत्या मला हाक मारते तेव्हा वर बघवत नाही.

शिव्या घाल, पण लिही.

टिल्लू

१७ मे

टिल्लू,

आधी आत्याला सांग, मग त्या बाईंना. आजच्या आज. खोली थांबेल. पत्र वाचून मी रडले, आणि सगळं तुझ्यासाठी नाही रडले.

ताई

२२ मे

चि. सौ. छबूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा भाऊ परवा भर कामाच्या दिवशी घरी टपकला, तोंड एवढंसं झालेलं. माझ्या कानात काही नव्हतं. तो काहीबाही बोलत राहिला, मी मान डोलावत राहिले. शेवटी त्याने माझा हात धरून खोलीच्या भिंतीवर टेकवला. भिंत थरथरत होती गं! मग त्याने डबीतलं यंत्र काढून दिलं. कानात घातलं मात्र, अगं बाई, जीवच घाबरा झाला.

तुला एक सांगते. दोन वर्षं मी त्या खोलीत चहा प्यायला बसले की कपातला चहा हलायचा. मला वाटायचं, माझेच हात कापायला लागले. म्हणून तर घर विकून तुझ्याकडे यायला तयार झाले, आता एकटीने निभणार नाही म्हणून. परवा स्वयंपाकघरात काठोकाठ कप भरून धरला. थेंब सांडला नाही.

टिल्लूला म्हटलं, लबाडी करायची तर स्वतःच्या तोंडाने करायची होतीस, माझं कशाला उसनं घेतलंस? हे मी विसरायची नाही. मग त्याला जेवायला वाढलं, उपाशीच आला होता मेला. बाईंना बोलावून मी स्वतः सांगणार आहे. माझ्या शब्दावर त्यांनी घर घ्यायचं ठरवलं, तो शब्द मीच परत घ्यायला हवा.

तुझ्याकडे येईन, पण पाहुणी म्हणून. पडदे काढू नकोस.

तुझी,
आत्या

२९ मे

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

सौदा मोडला, इसार परत केला. आत्या सध्या घर विकणार नाही म्हणते. तिने नर्सबाईंना सगळं सांगितलं, अगदी चहाच्या कपासकट. बाई रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या, डोळे लाल. मला वाटलं, आता फाडून खातील. पण त्या आत्याजवळ बसून राहिल्या, तिचे हात बघितले आणि काही झालेलं नाही म्हणाल्या. दोघी हसल्या. मी दाराशी उभा.

त्यांना सोडायला खाली गेलो. जिन्यात थांबून त्यांनी शांतपणे विचारलं, की या तुमच्या आत्या नसत्या, दुसऱ्या कोणी असत्या, तर मला सांगायला आला असतात का?

मला हो म्हणता आलं नाही. त्या जिना उतरून गेल्या.

काल दुपारी मोठ्या रस्त्यावरच्या एका बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिलो. गेल्या वर्षी तिथलं घर मी एका तान्ह्या बाळाच्या आईवडिलांना विकलं, सुट्टीच्या दिवशी दाखवून. ट्रकमागून ट्रक जात होते. एवढ्या उकाड्यात त्यांच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद होत्या. बेल वाजवावी म्हणून वर गेलो आणि तसाच खाली आलो.

आज पुन्हा जातोय. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

लोभ असू दे, सध्या त्या लायकीचा नसलो तरी.

तुझा,
टिल्लू