कठाणीचा गोटा

बा,

तुला वाचता येत नव्हतं. मी चांद्याहून पत्र पाठवलं असतं तर ते धानोऱ्याच्या पोस्टमनने तुला वाचून दाखवलं असतं, आणि मला जे सांगायचं होतं ते तू त्याच्या तोंडून ऐकावंस असं नव्हतं. ही सबब मी तीन वर्षं वापरली. आता ती उरलेली नाही.

तू गेलास; उद्या सकाळी तुझ्या नावाचा दगड उभा करायचा आहे. गावच्या लोकांनी तो डोंगरातून गाडीवर घालून आणला. माझ्या खांद्याएवढा उंच आहे. सध्या चिंचेखाली आडवा पडलाय. मी आज जाऊन पाहिला. गावचं देवधर्म पाहणारा म्हातारा गायता तिथे विडी ओढत बसला होता.

"मास्तर, रीत ठाव हाय ना?"

मी हो म्हटलं.

"तसा नको सांगू. बोलून दाखव."

मी परीक्षेला बसल्यासारखं सांगितलं. थोरल्या मुलाने दगडावर हात ठेवायचा. हा माझा कोण, ते सगळ्यांसमोर सांगायचं. दोघांत काही वाकडं राहून गेलं असेल तर तेही सांगायचं. मागे काही ठेवलं तर दगड कलतो.

"हां. भांडन असो, बोलाचाली असो, सप्पा सांगून मोकळा होय. नाई त आमाले पुन्हा खड्डा खना लागंल. माह्या कंबरेत आता जोर नाई."

सगळे हसले. मीही हसलो. बा, तिथे बसलेल्या कोणालाच माहीत नाही. फक्त तुझ्या सुनेला, जानकीला माहीत आहे. घरी येऊन मी तिला विचारलं, सांगावं का? तिने पीठ मळता मळता वर पाहिलं नाही.

"मी नाई सांगनार," म्हणाली. "मी तिथी होती, तरी नाई सांगनार. तुमचं तुमी पाहा."

म्हणून आधी तुलाच लिहितो. तुला सगळं माहीत आहे. पण माझ्याकडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

दिल्लीला जायचं मीच काढलं. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. मी मुलांना भूगोल शिकवत होतो आणि नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. तू नको म्हणत होतास. "धान घरात याचा हाय, अन तुमी फिराले चाल्ले?" मग मी पाहण्यासारख्या ठिकाणांची नावं सांगितली. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट. राजघाट म्हणजे काय, हे तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणालास, "येतो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मोठा बा, तुझा थोरला भाऊ, राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापायला गेला तो त्या राजघाटावरच्या म्हाताऱ्याच्या शब्दावर गेला होता. पकडला गेला आणि तुरुंगात तापाने मेला. प्रेत गावात आलं नाही. कुठे पुरलं की जाळलं, हे कोणी सांगितलं नाही. माणूस कुठे आहे हेच माहीत नाही, तर त्याचा दगड कुठे उभा करायचा? पंचवीस वर्षं तू ती जागा शोधत होतास. भावाची नाही, तर निदान ज्याच्या शब्दावर तो गेला त्याची जागा मी तुला गाडीचं वेळापत्रक वाचावं तशी सांगितली.

चांद्याच्या स्टेशनावर तुझ्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. मी ती वर फळीवर ठेवायला मागितली. "राहू दे, हलकी हाय," म्हणालास. हलकी पिशवी मांडीवर घेऊन माणूस एवढा प्रवास करतो का? मी विचारलं नाही. मला तुझ्या धोतराची काळजी होती. नवं घेतलेलं तू नेसला नव्हतास.

दिल्लीत तुला मजा येत होती, हे मी मान्य करतो. पार्लमेंटच्या समोर टांगा थांबला तेव्हा चिमीने विचारलं, "आजा, हे गोल काऊन हाय?" तू म्हणालास, "कोपऱ्यात कोनी लपू नोये म्हून." टांगेवाल्याला मराठी येत नव्हती, तरी तो हसला. इंडिया गेटपाशी मी तुला भिंतीवर कोरलेली शिपायांची नावं दाखवली. तू मान वर करून बराच वेळ पाहत होतास.

"इतके मेले?"

"हो."

"मग एकच दगड काऊन?"

मी म्हटलं, तो सगळ्यांचा मिळून आहे. तुला ते पटलं नाही. "सामाइक दगडाले आपला मानूस कसा सापडंल?" असं पुटपुटत तू पुढे गेलास. मी मागे पाहिलं. कोणी ऐकलं तर नाही ना! त्या तीन दिवसांत मी सतत मागे वळून पाहत होतो. तू मोठ्याने बोलायचास. हिरवळीवर उकिडवा बसायचास. दुकानदाराला 'भाऊ' म्हणून हाक मारायचास. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो. दिल्लीतल्या दुकानदाराचा आणि माझ्या नोकरीचा काय संबंध होता?

चौथ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत चिमीने तुझी पिशवी उलटी केली. आतून वाटोळा, करडा, मुठीपेक्षा मोठा दगड निघाला. कठाणी नदीतला. मी पाहताक्षणी ओळखला.

आपल्याकडे मोठा दगड एकदाच उभा राहतो. पुढे येणारा-जाणारा नातलग त्याच्या पायथ्याशी एक लहान गोटा टाकतो. टाकतो म्हणजे वाकून ठेवतो, फूल वाहावं तसा. पण आपण त्याला टाकणंच म्हणतो.

"हे तिथे चालत नाही," मी म्हटलं.

"लोकं फुलं टाकते नाई का?"

"फुलं वेगळी."

"काऊन? फुलं सुकते. गोटा राह्यते."

"बा, तिथे पोलीस असतात. इथेच ठेव."

तू गोटा कोनाड्यात ठेवलास. मी पाहिलं आणि आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा कोनाड्यावर तुझा टॉवेल वाळत होता. टॉवेल उचलून पाहिला नाही. खरं सांगू? मुद्दाम पाहिला नाही. पाहिलं असतं तर तुझ्याशी भांडावं लागलं असतं.

राजघाटावर त्या दिवशी कुठल्याशा परदेशी पाहुण्यांनी येऊन फुलं वाहायची होती. बंदोबस्त वाढवला होता. फाटकाशी शिपाई प्रत्येकाची पिशवी पाहत होता. जानकी चिमीला पाणी पाजायला नळावर थांबली. तू माझ्या पुढे होतास. मधे दोन माणसं. मला पिशवी दिसली, आणि ती वजनाने खाली ओढली गेलेली दिसली.

"झोले में क्या है, बाबा?"

"गोटा हाय."

शिपाई हसला. त्याच्याकडे गोटा म्हणजे साडीला लावायचा जरीचा काठ. "गोटा? इस उमर में किसकी साड़ी में लगाओगे?" आजूबाजूचे लोक हसले, तूही हसलास. मग त्याने पिशवीत हात घातला आणि दगड बाहेर काढला. त्याचं हसू गेलं. त्याने माझे चांगल्यापैकी कपडे पाहिले आणि मला विचारलं, हा काय करणार आहे याचं?

मी उत्तर द्यायच्या आत तूच सांगितलंस. समाधीच्या चौथऱ्याकडे बोट केलंस. "तिथी टाकतो ना जी. म्हून त आनला."

"क्या बोल रहा है?"

बा, मी वर्गात हिंदीही शिकवतो. टाकणे या शब्दासाठी मला चार हिंदी शब्द येतात. त्यातला एकच तोंडात आला. मी म्हणालो, "फेंकने के लिए लाया है."

ही चूक होती. घाईत शब्द चुकला. ती मी लगेच सुधारू शकलो असतो. पण शिपायाने तुझं मनगट धरलं आणि मला विचारलं, "आपके साथ है?"

मी म्हणालो, "गाँव का आदमी है."

हा शब्द चुकला नव्हता.

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तुला हिंदी फार येत नव्हती, पण जंगल खात्याच्या साहेबांकडे तू उभं आयुष्य काम केलं होतंस. गाव, आदमी, है. यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांनी तुला झाडाखालच्या बाकावर बसवलं. गोटा टेबलावर ठेवला. शिपाई साहेबाला बोलवायला गेला आणि मी, चपला ठेवल्या होत्या तिकडे गेलो. कोणाच्या चपला हरवणार होत्या?

तिथून तू मला दिसत होतास. दोन्ही हात गुडघ्यांवर. मोटारी आल्या, पाहुणे उतरले, भलं मोठं फुलांचं चक्र दोन माणसांनी उचलून नेलं. तू बाकावरून उठून उभा राहिलास. दुसऱ्या शिपायाने खांदा दाबून तुला खाली बसवलं. पाहुणे गेले. ऊन वर आलं. मी चपलांपाशीच होतो. गाडी संध्याकाळची आहे, याचा मी विचार करत होतो. तुला नेलं तर कोणाला तार करायची? काय लिहायचं? गावच्या माणसाला धरलं?

मग चिमी आली. तिने तुला पाहिलं आणि सरळ पळत जाऊन तुझ्या मांडीवर बसली. साहेब तोवर आला होता. तो चिमीला म्हणाला, "बेटी, उधर जाओ." चिमी म्हणाली, "नाई. हा माहा आजा होय."

साहेबाला शब्द कळले नसतील. पण मागून जानकी आली आणि तिने तुझ्यासमोर पदर डोक्यावर घेतला. ते त्याला कळलं. त्याने शिपायाला काही विचारलं. शिपायाने चपलांकडे बोट केलं. साहेब माझ्याकडे चालत आला.

"वह आपके पिता हैं?"

मी मान हलवली. तोंडाने अजूनही बोललो नाही.

गोट्याचं काय ते जानकीने सांगितलं, तिच्या मोडक्या हिंदीत. "हमारे में ऐसा रखते जी. मरे हुए आदमी का. फूल के जैसा." साहेब चांगला माणूस होता. त्याने तुला पाणी दिलं, माफी मागितल्यासारखं काहीतरी बोलला आणि जायला सांगितलं. गोटा मात्र परत दिला नाही. निघताना तो टेबलावर कागदांवर ठेवलेला होता. कागद वाऱ्याने फडफडत होते, पण उडत नव्हते. जानकी मागायला वळली तेव्हा तू म्हणालास, "राहू दे बाई. इथवरी त आला."

चौथरा तू लांबूनच पाहिलास.

परतीच्या गाडीत इटारसीच्या एका माणसाने आपल्याला पुऱ्या दिल्या. माझ्याकडे बोट करून त्याने तुला विचारलं, "आपका लड़का है?" तू पुरी मोडत म्हणालास, "नाई जी. मी मास्तरच्या गावचा मानूस होय." आणि हसलास. जानकी खिडकीबाहेर पाहू लागली.

त्यानंतर तू मला कधी सोमा म्हणाला नाहीस. चांद्याला आलास की दारातून हाक यायची, "मास्तर हाय का घरी? गावचा मानूस आला." शेजारच्यांना ती तुझी गंमत वाटायची. तू मोहाची फुलं, टेंभराची फळं घेऊन यायचास, चिमीला खांद्यावर बसवायचास, जेवायचास, झोपायचास. सगळं पहिल्यासारखं. एकदा तरी रागावला असतास! हात उगारला असतास तर मी खाली बसून सांगितलं असतं. तू हसून बोलायचास, मग मीही हसून उत्तर द्यायचो. तीन वर्षं आपण दोघं हसत होतो. हा तुझाही दोष आहे बा. थोडासा.

मी पोलिसाला भ्यालो, असं जानकीला वाटतं. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. भीती असती तर बरं होतं. मोठ्या बाची तुरुंगवारी सांगितली असती तर त्या साहेबाने सलाम केला असता; तेव्हा त्या गोष्टीचा मान होता. मला हे तिथे उभं असतानाही माहीत होतं. मला तुझी लाज वाटली. धोतराची, दगडाची, 'टाकतो ना जी'ची. एवढंच आहे. लिहायला एक ओळ लागली.

तुझ्या तापाचा निरोप आला तेव्हा शाळेत तपासणी होती. मी दोन दिवसांनी निघालो आणि मातीनंतर पोचलो. त्यावर गायत्याने मला काही म्हटलं नाही. नदीला पाणी होतं म्हणून उशीर झाला, असं त्यानेच लोकांना सांगितलं.

उद्या मी सांगणार आहे. लोक खूप येतील. जानकीच्या माहेरचे आहेत, माझे दोन विद्यार्थी आहेत, ज्यांच्यासमोर मी खडू हातात धरून खरं बोलण्यावर धडा शिकवला ते. मी आधी लिहून काढणार नाही. चांगले शब्द शोधणार नाही. तुझ्याबद्दल शिपायाने मला काय विचारलं आणि मी काय म्हटलं, तेवढं आपल्या बोलीत सांगेन. हा माझा बा होता, हे त्याच्या आधी सांगेन.

मग लोकांना जे बोलायचं ते बोलू देईन. गायता शिव्या देईल. त्याने हात काढ म्हटलं तर काढेन, पण तिथून जाणार नाही. खड्डा मी खणेन. दगड कलला तर पुन्हा खणेन. शाळेला आठ दिवस येत नाही म्हणून कळवलं आहे.

सोमा