अण्णांच्या नावाखालची कोरी जागा

७ जून १९९५, बुधवार

सोमवारी इथे लिहिलं — काकांनी आमची नावं गाळली. ते खोटं आहे. खोडत नाही, दुरुस्ती करते.

नावं मी गाळली!

आजोबांचे वारस दाखवायला तलाठ्याकडे वंशावळ द्यायची होती. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून सर्जेराव काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी आजोबांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या — एक काकांची, एक माझ्या वडिलांची, अण्णांची. अण्णांपुढे 'मयत' लिहिलं. खाली जागा कोरी. अण्णांना मुलगा नव्हता म्हणून! तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण भाट यायचा, वंशावळ म्हणायचा, तेव्हा पुरुषांचीच नावं ऐकलेली. बारावी शिकलेली मी, स्वतःलाच विसरले.

८ जून

तलाठी ऑफिसात नोटीस लागली आहे. सगळी जमीन एकट्या काकांच्या नावावर. हरकत घ्यायला २० तारखेपर्यंत मुदत. काकांनी विहिरीच्या तुकड्याला गिऱ्हाईक पाहिलंय. तोच तुकडा आई कसते!

तलाठी म्हणाले, "अक्षर तुमचंच ना, ताई?" हो म्हटलं.

१० जून, शनिवार

जाफराबादला वकिलांकडे गेले. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली. मुलगा आधी वारला तरी त्याची बायको, मुलगी वारस. लेकीही वारस. वाटणी होईपर्यंत जमीन सगळ्यांची, एकट्याला सगळी विकता येत नाही. "घरात कोण कोण आहे ते तुम्हाला माहीत. कुणाला सोडू नका," म्हणाले.

परतताना थेट काकांच्या दारात. आजी ओसरीवर शेंगा फोडत होती.

"शाळा शिकवली ती यासाठीच व्हय?" — काका.

"चूक माझी हाय काका. मीच दुरुस्त करणार." आवाज कापला नाही!

१४ जून

नव्या वंशावळीत आई, मी, आणि वाटूरची द्वारकाआत्याही. आई भडकली. "तिला कशाला? आपल्या निम्म्याचा तिसरा हिस्सा होतो. तिनं मागितलं का?"

"तू तरी कुठं मागितला होतास?"

लागलं तिला. संध्याकाळी म्हणाली, "लिव."

१५ जून

हरकतीचा अर्ज लिहून तीनदा वाचला. आता एकही चूक नाही.

१७ जून, शनिवार

आत्या आली. अर्ज ऐकून म्हणाली, "बराबर हाय. पन माय कुठंय यात? मेली का ती?"

आजी! रोज दिसते ती मला.

कोरा कागद घेऊन पळतच गेले. आजोबांच्या नावाशेजारी 'तुळजाबाई, पत्नी' लिहिलं, वाचून दाखवलं. काका दारातच उभे. आजीने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "दोनदा लिवून राह्यली ही पोरगी. म्हटलं, कवा तरी इचारील. अंगठा कुठं लावू?"

काका दारातून बाजूला झाले.

सोमवार, १९ जून, सकाळी अकरा. आम्ही चौघी तलाठ्याकडे अर्ज द्यायला जाणार.