आठ म्हाताऱ्या कुत्र्यांसकट घर

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, काम जनावरांसाठी लोकांपुढे हात पसरणे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठीक असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिलाय. रक्तदाबाचा दिला नाही, तो आमच्या प्राण्यांच्या संस्थेच्या कमिटीमुळे चढतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा. शाळा चौथीत सुटली, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर अर्थ धरावा, खुसपटं काढू नयेत.

१. बँकेतली शिल्लक संस्थेच्या दवाखान्याला, फक्त औषधांसाठी. त्यातून सभेचा चहासुद्धा पिऊ नये.

२. गरुडाचं पोस्टर अध्यक्षांना. पैसे जमवायचे होते गिधाडांसाठी, साहेबांनी छापला गरुड. म्हणाले, "बाई, गिधाड बघून देणगी कोण देणार?" मी हॉटेलातल्या सभेला खरंखुरं गिधाड घेऊन गेले. ते घाबरलं आणि पहिल्या रांगेतल्या बिल्डरच्या कोटावर ओकलं. सगळे नाक दाबून उठले. बिल्डर बसून राहिला. म्हणाला, "संध्याकाळपासून इथे पहिल्यांदाच कोणीतरी मनापासून काही दिलं." पक्ष्यांचा वॉर्ड त्यानेच बांधला. पोस्टर अध्यक्षांनी घरी डोळ्यांसमोर लावावं.

३. पत्र्याची देणगीपेटी माझ्या जागी येणाऱ्या पोरीला. हुशार आहे, पण फार बोलते. पोरी, पैसे मागितले की तोंड मिटायचं. समोरचा अवघडतो, छताकडे बघतो, घसा खाकरतो. खाकरू दे. तू बोललीस की तो सुटला.

४. आता घर. इथवर सगळ्यांनी भराभर वाचलं असेल. दोन खोल्या आणि अंगण, माझ्या स्वतःच्या कमाईचं. त्यात आठ म्हातारी कुत्री राहतात. संस्थेतली गोंडस पिल्लं लोक घरी नेतात. आंधळी, लंगडी, जागोजाग मुतणारी माझ्या वाट्याला. मी गेल्यावर त्यांचं काय, एवढ्यातच माझा जीव अडकलाय.

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, ती कुत्री कुठेतरी हलव, म्हणजे घराला भाव येईल." बाबा रे, तुला माझं भिंतीवरचं घड्याळ. चालतं ते.

घर भावजयीला. एकटीला, पूर्ण मालकीने. हिने इतक्या वर्षांत माझ्याकडे घोटभर पाणी घेतलं नाही, त्यात कुत्र्यांचे केस निघतात म्हणून. पण माझं पित्ताशय काढलं तेव्हा संस्थेतलं कोणी फिरकलं नाही. ही रोज यायची, नाकाला रुमाल बांधून आठही जणांना खायला घालायची. "गिळा मेल्यांनो! तुमची मालकीण अजून जिवंत आहे, एवढी तोंडं पाडू नका!" शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकलंय.

अट एकच. शेवटचं कुत्रं आपल्या मरणाने जाईपर्यंत घर विकायचं नाही. मग विका, पाडा, माझं काही म्हणणं नाही. भावाने तिथे राहायला हरकत नाही, कुत्र्यांना चालला तर.

भावजयीला काल विचारलं.

"मला नको तुमचं ते केसाळ घर," म्हणाली आणि चपला घालून तरातरा निघाली. फाटकातून परत आली.

"ताई, त्या आंधळीला गोळी कशातून देता? माझ्या हातची थुंकून टाकते."

साक्षीदार:
१. शेजारीण, शिवणकाम करणारी (सही)
२. जनावरांचे डॉक्टर (सही)

दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या. भावाला इतक्यात सांगणार नाही, असंही दोघांकडून वदवून घेतलंय.

लिहून ठेवणारी: (सही)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: सहा मार्च